दोन सावल्यांची झाडे

मी, दामिनी उदाराम कटरे, वय सेहेचाळीस, व्यवसाय चित्रकाम, राहणार फुलचूर, तालुका व जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवते. शरीराची आशा डॉक्टरांनी सोडली आहे. डोके शाबूत असल्याचा त्यांचाच दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. वाटून द्यावे असे आपल्याकडे काही आहे, हे मनातच आले नव्हते.

१. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा धाकटा भाऊ वीरेंद्र याला द्यावा. बँकेत उरेल तेही त्याचेच. दवाखान्याच्या फेऱ्या त्यानेच केल्या.

२. आमचे बाबा झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवत. त्यांचा जंगलाचा एकच पडदा उरला आहे. तो वीरेंद्रची बायको नीतू हिला द्यावा. अवकाळी पाऊस आला तेव्हा तिने तो खळ्यातल्या धानावर टाकला होता, आणि मी तिच्याशी बोलणे सोडले होते. ती म्हणाली होती, "बाई, धान भिजलं असतं तं तुमचं चित्र खाल्लं असतं का आपुन?" तिचे बरोबर होते. पुन्हा टाकावा.

३. त्या पडद्यावर प्रत्येक झाडाला दोन सावल्या आहेत. लहानपणी मी विचारले होते, "बाबा, सूर्य तं एकच आहे ना?"

"मंचावर बत्त्या दोन्हीकून लागतेत, पोरी. एकाच बाजूनं सावली काढली तं अर्ध्या लोकायले झाड खोटं दिसते."

मी तशीच शिकले. पुढे एका कंपनीच्या व्हिडिओ गेममधली जंगले घरी बसून काढली, तेव्हाही हात तसाच चालला. माझ्या ध्यानातही आले नाही.

खेळणाऱ्यांच्या आले. दोन सावल्या म्हणजे एआयची चूक, असे त्यांनी ठरवले. चित्रकारांचे पोट मारू नका, असे लिहून त्यांनी गेमवर बहिष्कार टाकला. त्याच मागणीच्या पत्रकात मीही पूर्वी नाव घातले होते, आणि ती मागणी मला आजही पटते. मी चित्र काढतानाचा व्हिडिओ पाठवला. एकाने उत्तर दिले, "हा हातसुद्धा मशीनचाच दिसतो."

कंपनीचे कैलाशजी फोनवर म्हणाले, "दीदी, हमें पता है आपने बनाया है। लेकिन अभी माहौल गरम है, हटा देते हैं।" त्यांनी माझी चित्रे काढून टाकली आणि नावही. घाईत नवी जंगले खरोखरच मशीनकडून करून घेतली. हेही त्यांनीच सांगितले, वाईट वाटून. त्या झाडांना सावली एकेकच आहे. लोकांनी कंपनीचे आभार मानले.

४. माझ्या पश्चात वीरेंद्रने यासाठी कोर्टकचेरी करू नये. "ताई, तू गप काऊन बसून राहिली?" असे तो अजून विचारतो. भाऊ, दाखवण्यासारखे जे होते ते सगळे दाखवून झाले रे.

५. चित्र काढायचा टॅब आणि त्याचा पेन विकून टाकावा. वीरेंद्रची मुलगी, माझी भाची डिंपल हिला देऊ नये, तिने मागितला तरी. ती माझ्याहून चांगली काढते, म्हणूनच. ती रडेल. नीतूने तिला जवळ घ्यावे.

६. मी सही करताना दोन माणसांनी डोळ्यांनी पाहावे, असा कायदा आहे. म्हणून शेजारच्या जमुनाबाई आणि लीलाधरभाऊ समोर खुर्च्या टाकून बसले आहेत. जमुनाबाई म्हणतात, "कर वो बाई, आमी पाहून राहिलो." इतकी वर्षे चित्रे काढली, तेव्हा खोलीत कोणी नव्हते.

ठिकाण : फुलचूर
दिनांक : ९ जानेवारी २०२६

(सही) दामिनी उदाराम कटरे

वरील सही दामिनीबाईंनी आमच्या देखत, स्वतःच्या हाताने केली. आम्ही पाहिले.

१. (सही) लीलाधर तुरकर
२. (सही) जमुनाबाई बोपचे