दोन्ही मशीनी चांगल्या हायत

चि. सौ. ऋतुजा,

तू शाळेत शिकवून यायच्या आत मी सोनपेठला ताईकडं चाललोय. चार दिवस तिथंच राहीन. भात झाकून ठेवलाय.

तुझी सासू, माझी चन्नबसम्मा, हयात असताना तिनं गायलेल्या शिवशरणांच्या वचनांची तबकडी आपल्या जुन्या, पट्ट्यावर फिरणाऱ्या रेकॉर्डच्या मशीनवर सुरात लागंना, म्हणून मी पट्ट्याला दोष दिला. तुझ्या नवऱ्यानं, राजेश्वरनं, नवा पट्टा घातला, तरी आवाज उतरलेलाच. मग त्यानं पुण्याहून महागाची, थेट मोटारीची मशीन आणली. तिच्यात पट्टाच न्हाई, मोटार तबकडी ठेवायच्या ताटलीच्या खालीच, वेग जरासुद्धा हलत न्हाई. तिच्यावरबी चन्नबसम्मा मला फाटक्या आवाजात गाताना ऐकू आली. तू म्हणलीस, "मामा, दोन्हींवर आत्याबाईंचा आवाज छान यायलाय." आन् मी पाहुण्यांसमोर तुला म्हणलो, "तुला कान न्हाईत."

काल परभणीला कानाच्या डॉक्टरकडं गेलतो. ते म्हणाले, "काका, कानाची नस गेलीय. यंत्र लावून बोलणं कळंल, पण गाणं पहिल्यासारखं ऐकू येणार न्हाई."

दोन्ही मशीनी चांगल्या हायत, पोरी. मी खामखा तुला बोललो, माफ कर. राजेश्वरला हे तूच सांग, माझ्यानं सांगवंना.

तबकडी मी घरात नसताना लावत जा. तो फाटका आवाज दिवसभर डोक्यात घुमतो. तिच्यासंगं चाळीस वर्षं काढली, पण तिचा खरा आवाज कसा होता, ते मला आता आठवंना.

तुझा मामा,
विरूपाक्ष