आत्याचं लग्न आणि फुटणारे रेणू

४ मार्च

चि. चिंगीस अ. उ. आ.

पत्र बसून वाच. उभी असलीस तर निदान यंत्राला टेकू नकोस. मी लग्न करते आहे. होय, तुझी आत्या, जनावरांची डॉक्टर, पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारी. नवरदेव म्हणजे आमच्या दवाखान्यासमोरचे घड्याळजी. त्यांच्या म्हाताऱ्या मांजराला औषध पाजायला जात होते. मांजर केव्हाच ठणठणीत झालं, माझं जाणं काही थांबलं नाही.

तुझ्या बाबांना सांगितलं, तर दादाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि त्यामागूनच बजावलं की या वयात ही थेरं शोभत नाहीत, मी येणार नाही. हसण्यावारी नेलं, पण लागलं गं. आईवडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तोच.

एकवीस तारखेला नोंदणी आहे. तीन साक्षीदार हवेत. एक आमचा कंपाउंडर, दुसरी त्याची बायको, तिसरी तू. नाही म्हणायची सोय नाही.

तुझी,
नवरी आत्या

९ मार्च

ती. आत्यास शि. सा. न.

मी अशी किंचाळले की सरांना वाटलं, निर्वात नळीतली गळती सापडली! होणाऱ्या आतोबांना नमस्कार. मांजरालाही.

एकच घोळ आहे. क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्रावर आम्हाला नेमका तोच आठवडा मिळालाय. काम सोप्या भाषेत सांगते. रेणू इतका लहान असतो की त्याचा साधा फोटो निघत नाही. म्हणून त्याच्यावर क्ष-किरणांचा जबरदस्त झोत सोडायचा. त्याचे बरेच इलेक्ट्रॉन उडून जातात, उरलेल्या अणूंवर धनभार येतो, ते एकमेकांना जोरात ढकलतात आणि रेणूच्या ठिकऱ्या उडतात. कुठला तुकडा पडद्यावर कुठे आणि केव्हा आदळला, त्यावरून उलटं गणित मांडायचं: फुटण्याआधी कोण कुणाशेजारी होतं? असे असंख्य रेणू फोडल्यावर एक चित्र उभं राहतं. सगळ्यात हलका हायड्रोजन त्यात दिसला तर जिंकलो. इतर पद्धतींत तो सहसा हातावर तुरी देतो.

पण मी येतेच. माझ्या पाळ्या दुसरं कुणी करेल, प्रबंध वर्षभर लांबला तरी चालेल. आत्या काही दर वर्षी लग्न करत नाही.

लोभ आहेच, सगळा आतोबांना देऊन टाकू नकोस.

तुझी,
चिंगी

१३ मार्च

चि. चिंगीस अ. उ. आ.

आलीस तर दारातून परत पाठवीन. चार वर्षं त्या नळ्या पुसल्यास, आणि ऐन वेळी सही करायला येणार? सही काय, रस्त्यावरचा कुणीही ठोकेल. लहानपणी माझं गजराचं घड्याळ उघडून आत काय आहे ते पाहणारी तू. ते अजून जुळलेलं नाही. तेव्हा निदान हे रेणू तरी नीट फोड.

दादा अजून वर्तमानपत्रामागेच आहे. असू दे.

तू येऊ नयेस असं मनापासून वाटणारी,
आत्या

२४ मार्च

ती. आत्यास शि. सा. न.

दिसला! आधी पडद्यावर नुसते ठिपके होते, मग गणित पुरं झालं आणि कार्बनचं कडं उमटलं, त्याच्याभोवती सगळे हायड्रोजन जागच्या जागी. सर कधी हसत नाहीत. त्या दिवशी ते स्वतः सगळ्यांसाठी चहा घेऊन आले. चित्र सोबत पाठवते.

पण तुझं काहीच कळत नाही. फोन उचलत नाहीस. कुणाला पकडलंस सहीला? बाबांशी बोलायला धजत नाही. माझ्यामुळे तुझं अडलं असेल, तर हे चित्र मला गोड लागणार नाही.

वाट पाहणारी,
चिंगी

२९ मार्च

चि. चिंगीस आशीर्वाद.

आत्याच्या पत्त्यावरचं तुझं पत्र मी उघडलं. ती दोघं समुद्राकाठी गेली आहेत. फोन ती इथेच फडताळात विसरली. घराची किल्ली आणि मांजर माझ्याकडे आहे. मांजर उद्धट आहे.

घडलं ते सांगतो. एकवीसला मी कचेरीत गेलो, ते तिला शेवटचं समजवायला. ती बाकावर बसली होती, इस्त्रीच्या साडीत, हातात पर्स घट्ट धरून. शाळेच्या पहिल्या दिवशी बसली होती तशीच. कारकुनाने तिसरा साक्षीदार विचारला. तिने मान खाली घातली आणि चिंगी कामात अडकली आहे एवढंच म्हणाली. रस्त्यावरून माणूस आणायला कंपाउंडर उठला, तेव्हा मी त्याला बसवलं आणि सही केली. माझं ओळखपत्र आणि दोन फोटो खिशात होते, हा निव्वळ योगायोग समजावा.

तुझं चित्र पाहिलं. आयुष्य जमीन मोजण्यात गेलं. आम्ही बांध न उडवता मोजत असू. तरी काम चोख आहे. चौकटीत बसवायला दिलं आहे.

त्या गृहस्थांना काय म्हणावं हे ठरत नव्हतं, म्हणून दिवसभर ‘अहो’वर भागवलं. गाडी सुटताना मात्र तोंडातून निघून गेलं की मेव्हणे, हिला सांभाळा. तुझी आत्या खिडकीतून रडत होती. मलाही धूर लागला.

गाडी विजेची होती, हे कुणाला सांगू नकोस.

तुझा,
बाबा