जेवणाआधीची गोळी

५ नोव्हें., बुध.
रिपोर्ट आला. साखरेची तीन महिन्यांची सरासरी १०.२. मागच्या वेळी ९.८ होती. दोन-दोन गोळ्या, बिनसाखरेचा चहा, आणि ही प्रगती! डॉ. बाई म्हणाल्या, "इन्सुलिन सुरू करू या." सुई म्हटली की मला सासऱ्यांचा कापलेला पाय दिसतो. म्हटलं, आधी गोळीनेच बघा. तिसरी दिली. घरी बायकोला, सुमनला, काही बोललो नाही.

९, रवि.
नवी गोळी लघवीतून साखर काढते. काढते कसली, बसूच देत नाही. जळगाव–धुळे, जीप गच्च भरलेली, आणि ड्रायव्हर, म्हणजे मीच, एरंडोलला उतरतो, पारोळ्याला उतरतो. मागून एक जण, "भाऊ, धुळं आज येईल ना?" सगळे हसले. मीही हसलो. लाज वाटायची ती वाटलीच.

१४, शुक्र.
सकाळच्या जेवणाआधीची जुनी गोळी स्टँडवरच घेतली. डबा उघडणार तेवढ्यात शेवटची सीट भरली. भरली की निघायचं, नाहीतर मागचा जीपवाला पॅसेंजर पळवतो. निघालो. पारोळ्याच्या अलीकडे घाम फुटला, समोरचा ट्रक दोन-दोन दिसायला लागला. गाडी बाजूला कशी घेतली, माहीत नाही. शेजारच्या सीटवरच्या अक्का, "भाऊ, काय व्हई ऱ्हायनं तुमले?" त्यांनीच पिशवीतला गूळ तोंडात कोंबला. मागे एक बाई बाळाला घेऊन झोपली होती. तिला काहीच कळलं नाही.

१५, शनि.
गाडी काढली नाही. सुमनला सगळं सांगितलं, इन्सुलिनचंही. "सुई लागनी म्हंजे बठ्ठं संपनं. मना बापनं काय व्हयनं, दखं ना तुम्ही?" मग म्हणते, "गाडी इकी टाका." मी ओरडलो, विकून मग करू काय, ओट्यावर बसू?

१७, सोम.
दोघं डॉ.कडे. मी जेवणाच्या वेळा सांगितल्या, म्हणजे नसलेल्या. बाई चिडल्या. "ही गोळी घेऊन उपाशी गाडी चालवता?" जेवणाआधीची ती बंद. आता दोनच वाटा. आठवड्याचं इंजेक्शन, त्याने मळमळ, आणि ते माझ्या खिशाबाहेर. नाहीतर रात्रीचं इन्सुलिन, थोड्यापासून. सुमनने वडिलांचं काढलंच. बाईंनी विचारलं, "त्यांना सुई कधी सुरू झाली?"
"पाय काळा पडल्यावर."
मग सुमननेच विचारलं, सुई टोचायची कशी. इन्सुलिन ठरलं. अट एकच, गाडी काढण्याआधी साखर बघायची. नव्वदच्या आत निघाली तर खायचं, थांबायचं, परत बघायची, मगच चावी. हो म्हणून आलो.

२६, बुध.
इन्सुलिनचं पेन फ्रिजमध्ये, मेथीच्या जुडीशेजारी. सुमनच टोचते आणि स्वतःच तोंड फिरवते. सकाळची साखर उतरतेय. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण खिशातलं साखर बघायचं मशीन सारखं पाळतीवर असल्यासारखं.

२ डिसें., मंगळ.
गाडी भरली. स्टिअरिंगवर बसून बोट टोचलं. ७४. घाम नाही, थरथर नाही. एरंडोलपर्यंत सहज जाईन, असं अगदी ओठांवर आलं. आरशात मागच्या बाईचं बाळ दिसलं. त्या दिवशीचं नव्हे, दुसरंच होतं, पण उतरलो. "खाऊन निघतो." एकच गलका. मागच्या ड्रायव्हरने हाका सुरू केल्याच. आधी साखर तोंडात टाकली, मग भाकरी. डॉ.ना फोन केला, आज रात्री डोस कमी. परत टोचलं, १२१.
मान वर केली. गाडीत कोणी नाही.
मशीन म्हणतं, आता जा. कोणाला घेऊन?