गोष्टीतला कप्तान गगनराव मेला की जिवंत, या वादात माझा जीव वाचविणेबाबत

प्रति,
मा. सहायक पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, चकलांबा,
ता. गेवराई, जि. बीड.

अर्जदार : आश्रुबा गेनू, वय ७४, धंदा ऊसतोड व गोष्ट सांगणे.

विषय : पोलीस बंदोबस्त मिळणेबाबत.
संदर्भ : माझ्या डोक्यावरील नऊ टाके, दि. ३१/०८/२०२५.

महोदय,

सविनय अर्ज करतो की, खालील मजकुरावर आपला विश्वास बसणार नाही. कोणाचाच बसत नाही. तरी शब्द न् शब्द खरा आहे.

१) मी चोवीस वर्षे ऊसतोडीच्या तळावर आकाशयानांच्या लढाईची एकच गोष्ट पुढे पुढे सांगत आलो आहे. एक साल रामप्रसाद मुकादमाच्या टोळीबरोबर सांगलीकडे, दुसरे साल तानाजी मुकादमाच्या टोळीबरोबर कर्नाटकात. आजवर सहा ग्रह बेचिराख केले, पण तक्रार आली नाही.

२) परवाच्या साली सांगलीच्या तळावर, शनीजवळच्या लढाईत कप्तान गगनरावाचे मुंडके उडाले. तिथे वस्तूला वजन नसल्याने ते खाली पडले नाही. सात दिवस यानात तरंगत ओळखीच्या माणसांना धडकत होते. गेल्या साली कर्नाटकात मात्र त्याच गगनरावाने राक्षसांच्या राजाचा जबडा नुसत्या हातांनी फाडला व आतडी ओढून यानाला तीन वेढे दिले.

३) त्या आनंदात तानाजीने नातवाचे नाव गगनराव ठेवले. बारशाला रामप्रसाद भर मांडवात म्हणाला, "मेलेल्याचं नाव ठिवलं व्हय बे पोराला? मुंडकं उडलंय त्याचं!" तानाजी म्हणाला, "तुझं उडवू का?" त्यावर रामप्रसादने तानाजीचा कान दातांनी तोडून थुंकून टाकला. तानाजीने घुगऱ्यांचे कढत पातेले त्याच्या डोक्यावर उपडे घातले. मग दोन्ही टोळ्या भिडल्या. मांडवाचे खांब उपसले गेले. दात इतके पडले की घुगऱ्यांतून निवडता येईनात. बाळ त्याच्या आजीने, सुभद्राबाईने, पदराखाली नेले म्हणून वाचले. मी सोडवायला गेलो, तर दोन्हीकडचा एकेक खांब माझ्याच डोक्यात बसला.

४) आता 'मेला' म्हणावे तर तानाजी मारतो, 'जिवंत' म्हणावे तर रामप्रसाद मारतो. काय ते एक सांगायला दोघांनी रविवारपर्यंत मुदत दिली आहे. दोन्ही वस्त्यांवर कोयत्यांना धार लावणे चालू असून तो आवाज माझ्या घरात येतो.

५) वास्तविक गगनराव दोन होते, जुळे भाऊ. पैकी एकाला मी स्वतः पूर्ण शुद्धीत मारले. हे पहिल्या सालापासून ठरलेले होते.

६) सदर अर्ज साक्षीदारांसाठी पारावर वाचून दाखवला. वरील कलम येताच रामप्रसादच्या टोळीतील भिवराबाई उठून ओरडल्या, "कावून खोटं बोलता, आश्रुबाकाका? कसले जुळे? तुमी तवा सांगलीच्या तळावरनं तापानं फणफणून गावाकडं गेलते! तुमाला पत्ता बी न्हाई. मागं गोष्ट मी सांगितली. गगन्याचं मुंडकं मीच उडवलं, लई शेफारला हुता!"

दोन्ही टोळ्या माझ्याकडून भिवराबाईंकडे वळल्या आहेत.

सबब, मला मिळावयाचा बंदोबस्त कृपया तातडीने सौ. भिवराबाईंच्या दारात पाठवावा.

आपला, तूर्त जिवंत,
आश्रुबा गेनू (सही)
दि. ०३/०९/२०२५

साक्षीदारांच्या सह्या : झाल्या नाहीत. सगळे तिकडे पळाले.