हिचा व्यायाम, माझी तब्येत

चि. ढब्बूरावांस,

अनेक आशीर्वाद. (साठीला टेकलेल्या माणसाला ढब्बू म्हणू नये हे कळतं मला, पण तुझ्या ताईने ठेवलेलं नाव मोडायची माझी प्राज्ञा नाही.) घरची मंडळी खुशाल असतील, तुझी पाठ आता धरत नसेल. इकडे माझी तब्येत ठणठणीत आहे. लाज वाटावी इतकी ठणठणीत, आणि ती कशी झाली तेच सांगायला बसलोय.

ताईच्या अंगावरून वारं गेल्यापासून तिचा उजवा हात ठेवला तिथेच राहतो. कुणी आलं की ती तो पांघरुणाखाली लपवते. बोलते अडखळत, पण मला नावं ठेवण्यापुरतं स्पष्ट. व्यायाम शिकवायला एक बाई येतात, वय नातीचं, आवाज हवालदाराचा. चेंडू दाबा, रबरी पट्टा ओढा, हात वर न्या, असं त्यांनी सांगितलं. हिने भिंतीकडे तोंड केलं. म्हणाली, "आधी ह्यांना करू दे." आता मी जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, माझ्या देहात काही हललंच असेल तर बोटांची टोकं. तरी म्हटलं, सोबत म्हणून करू. पहिल्याच दिवशी पट्टा दाराच्या कडीला अडकवून ओढला, तो सुटून कपाळावर बसला आणि चष्मा थेट हिच्या उशाशी जाऊन पडला. मग पाय उचलायला म्हणून जमिनीवर आडवा झालो, तो उठताच येईना. बाई येईपर्यंत छताची जळमटं बघत पडलो होतो आणि ही खाटेवरून विचारते, "चहा तिथेच घेणार का?" हसली रे ती. एका बाजूनेच, पण हसली. त्या हसण्यापायी मी कसरत धरली, ती आजतागायत सोडली नाही.

परिणाम असा, की गुण तिला यायचा तो मला आला. गुडघ्यांची कुरकुर थांबली, साखर उतरली, कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलं, जिना चढताना धाप लागत नाही, आडवं पडलो की झोप. व्यायामाचे जे फायदे सांगतात ते सगळे खरे आहेत, ढब्बू, एकही खोटा नाही; फक्त पत्ता चुकून माझ्याकडे आले. नवरा जेवला म्हणून बायकोचं पोट भरतं का? बाई माझे दंड दाबून म्हणतात, "आजोबा, शाब्बास!" आणि हिच्या हाताकडे बघून गप्प होतात. त्या गप्प होण्याचीच मला धास्ती वाटते. परवा जिन्यात गाठून म्हणाल्या, हाताला परत यायची ओढ असते ती सुरुवातीच्या काही महिन्यांत, आणि त्यातले बरेच सरले; जोर त्यांनीच लावायला हवा, तुम्ही लावून उपयोग नाही. बंद घड्याळ गदागदा हलवलं की चालू होतं असं गिऱ्हाइकांना वाटायचं, मी हसायचो. आता मीच हिचा हात धरून हलवत बसतो.

बाकी ठीक. मागे तू आलास आणि गाडी थांबलीय म्हणून उंबऱ्यातूनच परतलास, त्याचा राग नाही. (गाडी नव्हती. मी खिडकीतून पाहिलं. कोपऱ्यावर उभा राहून डोळे पुसत होतास.)

तुझ्या ताईचा नवरा,
हल्लीचा पैलवान

ता. क. लहानपणी तुम्ही पंजा लढवायचात आणि तू ताडमाड वाढलास तरी तिला कधी हरवू शकला नाहीस, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. माझ्यापुढे ती हात उचलणार नाही. माझ्याकडून तिला काय जिंकायचंय? तू ये. खाटेशी बस आणि तिच्यापुढे कोपर टेकव. बोलू काही नकोस. आणि मुद्दाम हरू नकोस, तिला लगेच कळतं.

ता. क. पुन्हा. पत्र तिला वाचून दाखवलं. (गाडीचं तेवढं गाळून.) म्हणाली, "तो यायचा नाही. रडूबाई आहे." मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "उजव्यानेच लढायचं, सांगा त्याला." आणि डाव्या हाताने उजव्यावरचं पांघरूण बाजूला सारलं. मी ते अजून ओढलेलं नाही.