खिडकीतून विकलेली पाल

माझ्या एकुलत्या एक भावाला, ताश्कंदच्या हुशार बोतिरजानला, थोरल्या बहिणीचा म्हणजे सालोमतचा सलाम.

कसा आहेस? कंबर काय म्हणते? बायको अजून तुझ्याशी बोलते का, की तुझ्या पालींना कंटाळून माहेरी गेली? आम्ही बरे आहोत. जर्दाळू पिकून खाली पडताहेत, शेजारच्या हामरो खोलाचा, त्या म्हातारीचा, गुडघा दुखतोय (तो तुझ्या जन्मापासून दुखतोय, तरी विचारपूस करायचीच), आणि आमच्या तंदूरला तडा गेलाय. झालं, रीत पाळली. आता मुद्दा. घराला रंग लागतोय म्हणून जे पालीचं अंडं तू माझ्या गळ्यात मारून गेलास, ते फुटलं.

मंगळवारी सकाळी मी कणीक मळत होते, तर आतून तुझ्या पोच्चांची, आमच्या यांची, हाक आली, "सालोमत, डोकं बाहेर आलं गं!" मी पळत गेले. करंगळीएवढा पट्टेरी जीव डब्यात बसून माझ्याकडे असा बघत होता, की जणू मीच उशीर केला. तुला तर ठाऊक आहे, बस डेपोतून निवृत्त झाल्यापासून हा माणूस आठ महिने भिंतीकडे तोंड करून बसला होता. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर तसाच बसायचा. तोच माणूस त्या दिवशी उठला आणि त्याने घरात बाळंतिणीच्या घरासारखा चिल्ला सुरू केला! चाळीस दिवस पाहुणा नाही, मोठ्याने बोलायचं नाही, खोलीतला दिवा विझवायचा नाही. मला माझ्याच घरात चपला हातात घेऊन चालावं लागलं. नजर लागू नये म्हणून हे इस्रिकच्या वाळक्या पाल्याची धुरी घेऊन डब्याकडे निघाले होते, तेव्हा मात्र मी डाव घेऊन आडवी आले. (बाळ धुराने मेलं असतं, आणि मग डाव यांच्या डोक्यात बसला असता.)

बुधवारी पाल पांढरी पडली. अगदी पिठात लोळल्यासारखी. अळी समोर धरली तर तोंड फिरवलं. यांचं तोंड तिच्याहून पांढरं. गेले धावत ढोरांच्या डॉक्टरकडे, पण रोग्याला घरीच ठेवून, कारण चिल्ल्यात बाळाला बाहेर न्यायचं नाही! डॉक्टरला सांगितलं काय, तर काल जन्मलंय, पांढरं पडलंय, काही खात नाही. तो बिचारा म्हणाला, अर्धा लिटर कोमट दूध नळीने पाजा. यांनी विचारलं, "नळी केवढी?" डॉक्टर म्हणाला, "हाताएवढी." हे घरी आले, डब्याशेजारी बसले आणि रडले रे बोतिर. बासष्ट वर्षांचा माणूस! मला हसूही येईना.

मग मी सहज म्हणून गेले, "विकून बघायचं का?" यांचे डोळेच चमकले. यांच्या आईची तीन मुलं गेल्यावर हे झाले, तेव्हा मरणाला चकवायला यांना शेजारणीला विकून परत विकत घेतलं होतं. म्हणून तर नाव सोतिबोल्दी, विकलेला. गुरुवारी हामरो खोलाला खिडकीबाहेर उभं केलं. तिची नऊच्या नऊ पोरं जिवंत आहेत, या कामाला तिच्याइतका चांगला हात गल्लीत दुसरा नाही. यांनी डबा बाहेर दिला. खोलाने आत वाकून पाहिलं नि म्हणाली, "अगं बाई, या सुतळीच्या तुकड्यासाठी मला गुडघ्यावर उभं केलंत?" तरी वाटीभर कोंडा देऊन डबा घेतला. आता परत विकायची पाळी, तर म्हातारी फिरली! "नाही देत जा. नऊ वाढवली, दहावं काय जड आहे?" हे घासाघीस करायला लागले. साखर देतो म्हणाले, जर्दाळू देतो म्हणाले, ती ढिम्म. शेवटी म्हणाली, माझा नळ वर्षभर गळतोय, शिलाई मशीनही अडतंय, तेवढं दुरुस्त कर आणि ने तुझं पोर. आठ महिन्यांनी यांनी हत्यारांची पेटी उघडली. नळ झाला, मशीन झालं, वर खोलाच्या दाराची बिजागरीही बसवून आले.

घरी येऊन बघतात तर बाळाने कात टाकलेली, वर ती खाऊनही टाकलेली, आणि खालचे पट्टे नवेकोरे! शनिवारी पहिली अळी गिळली. यांनी नाव ठेवलं तोख्ता. राहा रे बाबा, जाऊ नकोस, म्हणून. तू रविवारी येतोयस, पुलाव करते. रस्त्यात टरबूज खात बसू नकोस.

तुझी बहीण,
सालोमत

ता. क. रविवारी तू पाल न्यायला येतोयस ना, तुझ्या ऑफिसातल्या साहेबांच्या मुलीच्या वाढदिवसासाठी? तर ऐक. पाल सगळ्या गल्लीसमोर विकली गेली आणि सगळ्या गल्लीसमोर परत घेतली गेली. आता ती सोतिबोल्दींची. तुझं अंडं होतं हे खरं, पण अंडं आता नाहीच. साहेबांना दुसरी दे. तुझ्या घरात काय पालींचा दुष्काळ पडलाय?

ता. क. दुसरा. डब्याच्या तळाशी तू चिकटवलेला कागद मी पहिल्याच दिवशी काढून वाचला होता. पहिली कात टाकताना पांढरी पडते, तीन-चार दिवस खात नाही, घाबरू नये. कागद पिठाच्या डब्यात आहे. यांना सांगितलंस तर याद राख! नळाचा भाव खोलाला मीच आदल्या दिवशी सांगून ठेवला होता. शुक्रवारी मात्र पाल अळीला तोंड लावेना, तेव्हा मी कागद पिठातून काढून पुन्हा वाचला. कागदावर विश्वास ठेवून मी यांना परत भिंतीकडे पाठवते की काय, असं वाटलं.

ता. क. तिसरा. आलास की आल्या आल्या भांड. पाल माझी आहे म्हण, दारातच बूट आपट, दोन-चार शेजारी जमव. हे भांडायला उभे राहतील. थोडा वेळ चांगलं भांडू दे त्यांना. मग तू हर.