समासातलं 'आवं'

विश्रामबाग, सांगली
१५ जानेवारी २०२५

ती. तात्यांस शिवांजलीचा नमस्कार.

जयराज वादविवादाच्या संघात परत आला. प्राचार्यांनी आज दुपारी सही करून नाव पक्कं केलं. जयराज म्हणजे माझ्या राज्यशास्त्राच्या वर्गातला तासगावचा मुलगा. त्याला वगळलं होतं मीच.

माझा खोकला बरा आहे. आईला सांगा, काढा दोनदा घेतला.

दिवाळीपासून फोनवर आपण थंडी आणि उसाची तोड यापलीकडे गेलो नाही, म्हणून पत्र.

स्पर्धेचा विषय आहे, 'महाविद्यालयीन तरुणांना सैनिकी सेवा सक्तीची असावी.' निवडीसाठी निबंध लिहून घेतले. मी सक्तीच्या विरोधात आहे, हे दिवाळीत साऱ्या घराने ऐकलंय. जयराजने बाजूने लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. मी 'मुद्दे उसने' असा तांबडा शेरा मारून त्याला बाहेर ठेवलं. वर्गात मात्र मीच सांगते, कुठल्याही बाजूने बोला, मुद्दा भक्कम हवा.

परवा तो निबंध घेऊन आला.

"मॅडम, निवडीचं न्हाई विचारत. समासात तुमी 'आवं, ऐका तरी!' लिवलंय. मला आवं?"

"घाईत लिहिलं असेल."

"आमच्यात आवं वडीलधाऱ्याला म्हणत्यात. मी एकोणीसचा हाय. तुमी कुणासंगं भांडत होता?"

शेजारची ओळ वाचली: 'शिस्त पुस्तकातून येत नाही.' तात्या, हे तुमचं वाक्य. त्यावरूनच मी दिवाळीत ताटावरून उठले होते. निबंध त्याचा होता, उत्तर तुम्हाला दिलं. तुम्हा सुभेदारांना नापास करायचं होतं, सापडलं ते पोर.

त्याच दिवशी प्राचार्यांना चूक लेखी दिली. "विभागात चर्चा होईल," ते म्हणाले. होऊ दे. सक्ती मला आजही मान्य नाही. पण समोर कच्चा गडी उभा करून जिंकायची मला गरज नाही.

शनिवारी अकराला कराडला स्पर्धा आहे. जयराज पहिला बोलेल. तयारी मीच करून घेतेय, तुमच्या बाजूची. एक मुद्दा अडलाय: ज्याला जायचंच नाही, त्याच्या हाती बंदूक का द्यावी? मला उत्तर सुचत नाही, सुचणारही नाही. तुम्ही अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढलीत. दहाला कराडला या आणि त्याला सांगा.

मी मधे बोलणार नाही.

तुमची, पण विरोधातली,
शिवांजली